क्रिस्टल रेडिओ

बॅटरी किंवा विजेच्या जोडणीशिवाय मध्यम लहरींवरचे कार्यक्रम ऐकवणारा, घरी बनवता येणारा सर्वांत साधा रेडिओ. एरियल, अर्थिंग, कॉइल, गँग कंडेन्सर, डायोड आणि इअरफोन एवढ्यावर तो चालतो. कानात उमटणारा सगळा आवाज एरियलवर आलेल्या लहरींच्याच ऊर्जेतून निघतो, त्यामुळे एखादा जोड जरी कच्चा राहिला तरी लगेच आवाज पडतो. हौशी माणसाच्या हाताला काटेकोरपणा लावायला याहून चांगली सुरुवात नाही.

लहरी टिपण्यासाठी गॅलेना हे शिशाचे खनिज वापरण्याचे अमेरिकी पेटंट जगदीशचंद्र बोस यांना 1904 मध्ये मिळाले. पुढे खड्याच्या पृष्ठभागावर बारीक तारेचे टोक टेकवून नेमकी जागा शोधण्याची पद्धत रूढ झाली. 23 जुलै 1927 रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. तेव्हा व्हॉल्व्हचे सेट महाग होते. केंद्राजवळ राहणाऱ्यांचे काम क्रिस्टल सेटवर भागे. दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये, इटलीतील अँझिओच्या आघाडीवरच्या सैनिकांनी तर खड्याऐवजी दाढीचे पाते आणि पेन्सिलीचे शिसे वापरून असे रेडिओ जुळवले.

आता खड्याचे काम जर्मेनियम डायोड करतो. साधा सिलिकॉन डायोड सुमारे 0.6 व्होल्टशिवाय नीट वाहत नाही, जर्मेनियमला 0.2 ते 0.3 व्होल्ट पुरतात, आणि इथे प्रत्येक अंश मोलाचा असतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली इथल्या जुन्या दुकानांत ओए79 नावाने तो मागावा. झाळताना त्याचा पाय चिमट्याने धरावा, म्हणजे उष्णता आत पोचत नाही.

कॉइलसाठी 5 सेंटिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची नळी घेऊन तिच्यावर 28 गेजच्या इनॅमल तारेचे 65 ते 70 वेढे एकमेकांना चिकटून घालावेत. तारेचे टोक आधी नळीच्या दोन भोकांतून ओवून पक्के करावे, नाहीतर शेवटच्या वेढ्याला हात निसटला की सगळी कॉइल उसवते. टोकांवरचे इनॅमल पॉलिश पेपरने तांबे चकाकेपर्यंत खरवडावे. सेट मुका राहण्याचे हे पहिले कारण. कॉइलला 500 पिकोफॅरडचा गँग समांतर जोडला की मध्यम लहरींचा पट्टा आवाक्यात येतो.

मोबाइलचे इअरफोन इथे चालत नाहीत. त्यांचा रोध 16 ते 32 ओहम असतो, तर या सेटला 2000 ओहमचा हेडफोन किंवा क्रिस्टल इअरफोन लागतो. क्रिस्टल इअरफोनला 47 किलोओहमचा रेझिस्टर समांतर लावावा; त्यातून डायोडच्या प्रवाहाला परतीची वाट मिळते.

एरियलला 15-20 मीटर तार उंच ताणून बांधावी आणि ती विजेच्या तारांपासून लांब ठेवावी. अर्थिंगसाठी घरातल्या सॉकेटला कधीही हात लावू नये; जमिनीत ठोकलेली तांब्याची कांबी घ्यावी. एफएमची स्टेशने यावर लागत नाहीत. आकाशवाणीने अलीकडे मध्यम लहरींची अनेक प्रक्षेपण केंद्रे बंद केली आहेत, म्हणून सेट बांधण्याआधी साध्या ट्रान्झिस्टरवर जवळचे केंद्र लागते का, ते तपासावे. वळवाच्या दिवसांत गडगडाट सुरू होण्यापूर्वीच एरियल सेटपासून सोडवून घराबाहेरच अर्थिंगला जोडून ठेवावी.