मेंदूतील रक्तस्राव आणि शस्त्रक्रिया

ग्रीक ‘अपोप्लेक्सिया’, इंग्रजी ‘स्ट्रोक’ आणि संस्कृत ‘पक्षाघात’ या तिन्ही शब्दांच्या मुळाशी आघाताची कल्पना आहे. रोगी एकाएकी कोसळतो किंवा त्याचे अंग लुळे पडते, एवढेच ही नावे सांगतात. कारण सांगत नाहीत. मेंदूतील रक्तस्राव हे त्याचे एक कारण होय, हे स्वित्झर्लंडमधील वेप्फर याने १६५८ साली शवविच्छेदनाच्या आधारे दाखवून दिले.

परंतु कारण कळल्याने उपाय सिद्ध होत नाही. साचलेले रक्त मेंदूवर दाब आणते. तेव्हा कवटी उघडून ते काढावे, हा विचार स्वाभाविकच होता. मात्र गुठळी खोल असल्यास तिच्यापर्यंतची वाट निरोगी मेंदूतूनच काढावी लागते. यात लाभ अधिक की हानी अधिक, हे केवळ तर्काने ठरण्यासारखे नव्हते.

लंडन येथील मॅकिसॉक व त्यांचे सहकारी यांनी १९६१ साली १८० रोग्यांवरील तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध केली. तीत शस्त्रक्रियेचा लाभ आढळला नाही. त्या काळी गुठळी प्रत्यक्ष पाहण्याची सोय नव्हती; सीटी स्कॅनने रोग्याचा मेंदू प्रथम पाहिला गेला तो १९७१ साली, लंडनमध्येच. तथापि गुठळी दिसू लागल्यावरही निर्णय पालटला नाही. २७ देशांतील १०३३ रोग्यांची ‘स्टिच’ चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. त्वरित शस्त्रक्रियेच्या गटातील २६ टक्के रोगी समाधानकारक रीतीने सुधारले, तर प्रथम औषधोपचार केलेल्या गटातील २४ टक्के.

मग शस्त्रक्रिया निरुपयोगी मानावी काय? तसे म्हणता येत नाही. लहान मेंदूतील मोठा रक्तस्राव या चाचणीच्या कक्षेबाहेर होता आणि तेथे शस्त्रक्रिया प्राणरक्षक मानली जाते. अमेरिकेतील ३०० रोग्यांच्या ‘एन्रिच’ चाचणीत २४ तासांच्या आत अरुंद नळीवाटे रक्त काढले गेले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत लाभ दिसला, परंतु तो मुख्यत्वे पृष्ठभागाजवळच्या रक्तस्रावांत.

सारांश, ‘शस्त्रक्रिया करावी काय?’ हा प्रश्न सरसकट विचारला गेला, तोवर उत्तर नकारार्थी आले. रक्तस्राव कोठे, किती आणि केव्हाचा, असा भेद केल्यावरच त्याला उपयुक्त उत्तर मिळू लागले. ‘आघात’ या एका नावाने जे झाकले होते, ते निरनिराळे करणे हेच या इतिहासातील खरे कार्य होय.