एमपीथ्री प्लेअर आणि संगणक : न जुळलेल्या ओळखीचा इतिहास

देगलूर हे तीन भाषांच्या सीमेवरचे गाव. पूर्वेला तेलंगण, दक्षिणेकडे कर्नाटकातील बीदर जिल्हा. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. घरी मराठी, तेलुगू किंवा कन्नड आणि कचेरीत उर्दू. अशा ठिकाणी सौदा ठरण्याआधी भाषा ठरावी लागते. जुना एमपीथ्री प्लेअर संगणकाला जोडल्यावर पहिल्या क्षणी हेच घडत असते. भाषा ठरली नाही, की पडद्यावर उमटते : ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’.

या वाक्याला घाबरून अनेक प्लेअर कपाटात पडले, पुढे भंगारात गेले. त्यांत नुसती चित्रपटगीते असती, तर फारसे बिघडले नसते. पण स्वस्तातल्या बहुतेक प्लेअरमध्ये आवाज टिपण्याची सोय होती. धुंडामहाराज देगलूरकरांमुळे ज्या गावाचे नाव वारकऱ्यांच्या ओठी गेले, त्या परिसरात कुणी काय टिपून ठेवले असेल, हे वेगळे सांगायला नको. कीर्तन, काकडा, आजीच्या जात्यावरच्या ओव्या : यांची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते.

म्हणून ही ओळख नेमकी कुठे अडते, ते पाहू.

१९९८ मध्ये दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीचा ‘एमपीमॅन’ आला, त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड कंपनीचा ‘रिओ’. दोघांची साठवण ३२ एमबी, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. दोन्ही संगणकाच्या पॅरलल पोर्टला, म्हणजे प्रिंटरच्या खोबणीला जोडावे लागत. त्या काळी ‘ओळख’ हा प्रकारच नव्हता. सोबत मिळालेला प्रोग्राम चालवला तरच प्लेअरशी बोलता येई. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी रिओवर खटला भरला, पण १९९९ मध्ये अपील न्यायालयात त्या हरल्या. खिशातल्या संगीताचा रस्ता मोकळा झाला.

आपणहून ओळख पटवणारी जोडणी, म्हणजे यूएसबी, जानेवारी १९९६ मध्येच कागदावर आली होती. तिच्या शिल्पकारांत इंटेलचे अजय भट्ट अग्रणी. ते वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. गायकवाडांच्या राजधानीतून निघालेला हा धागा आज जगातल्या जवळपास प्रत्येक संगणकात आहे.

यूएसबीच्या मूळ खटक्यात चार पट्ट्या असतात. बाहेरच्या दोन विजेच्या आणि किंचित लांब. आतल्या दोन माहितीच्या आणि आखूड. त्यामुळे वीज आधी पोचते, संवाद मागाहून. प्लेअर माहितीच्या एका तारेवर दीड किलोओहमच्या रोधातून व्होल्टेज चढवतो. ही त्याची हाक. संगणक मग त्याला क्रमांक देतो आणि विचारतो : बनवणारा कोण, वस्तू कोणती? उत्तरादाखल दोन सांकेतिक अंक येतात आणि त्यांवरून संगणक योग्य ड्रायव्हर शोधतो. प्लेअर चार्ज होतो पण दिसत नाही, या नेहमीच्या तक्रारीचे मूळ इथेच आहे. विजेच्या तारा शाबूत, माहितीच्या तुटलेल्या; किंवा वायर मुळातच फक्त चार्जिंगची. निम्म्या तक्रारी वायर बदलताच मिटाव्यात, इतके हे साधे आहे.

हाक पोचली तरी ड्रायव्हर हवाच. विंडोज ९८ मध्ये यूएसबी साठवणीसाठी सर्वसाधारण ड्रायव्हर नव्हता, म्हणून प्रत्येक प्लेअरच्या खोक्यात छोटी सीडी असे. ती हरवली की प्लेअर मुका. विंडोज २००० आणि मी या आवृत्त्यांपासून हा ड्रायव्हर अंगभूत झाला; प्लेअर पेन ड्राइव्हसारखा उघडू लागला. या पद्धतीचे नाव मास स्टोरेज, संक्षेपाने एमएससी.

सुगी फार टिकली नाही. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमटीपी ही दुसरी भाषा आणली. एमएससीत प्लेअर आपली सगळी डिस्क संगणकाच्या हाती देतो; मध्येच वायर ओढली तर नोंदवही बिघडते. एमटीपीत डिस्क प्लेअरच्याच ताब्यात राहते, संगणक फक्त फाइल मागतो. तांत्रिकदृष्ट्या हे शहाणपणाचेच. पण कुलूपबंद, विकतच्या गाण्यांवर पहारा ठेवणे हाही हेतू होता, आणि त्याची किंमत सामान्य वापरणाऱ्याने मोजली. एक्सपीवर विंडोज मीडिया प्लेअर १० नसेल, तर एमटीपी चालत नसे. मॅकला ती भाषा आजही मुळातून येत नाही. सॅनडिस्कच्या सान्सा प्लेअरमध्ये दोन्ही पद्धती होत्या, मात्र एमएससीत भरलेली गाणी एमटीपीत दिसत नसत. गाणी उडाली असे वाटे. ती तिथेच असत.

यात युरोपचाही हात लागला. मार्च २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरो दंड केला आणि मीडिया प्लेअरविना विंडोज विकायला लावले. त्यातून ‘एन’ आवृत्त्या जन्मल्या. आजही ‘एन’ विंडोजवर मीडिया फीचर पॅक बसवल्याशिवाय एमटीपी चालत नाही.

आयपॉडची गोष्ट वेगळी. २३ ऑक्टोबर २००१ रोजी आलेला ५ जीबीचा पहिला आयपॉड फायरवायरने, तोही फक्त मॅकला जोडता येई. विंडोजसाठीचा २००२ मध्ये आला. मॅकवर तयार केलेल्या आयपॉडची डिस्क एचएफएस प्लस पद्धतीची, विंडोजची फॅट३२. पहिली दुसऱ्याला जोडली की विंडोज विचारतो : डिस्क फॉरमॅट करायची का? येथे ‘नाही’ म्हणावे. तो मजकूर नष्ट झालेला नसतो, फक्त त्या संगणकाला वाचता येत नसतो. मोडी लिपीतला कागद बाळबोध वाचणाऱ्याच्या हाती पडावा तसा.

आता कपाटातला प्लेअर बाहेर काढायचा असेल, तर आधी अर्धा तास चार्जिंग. मग दुसरी वायर, आणि ती संगणकाच्या मागच्या बाजूच्या खोबणीत. प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी मोड’ असेल, तर एमएससी आणि एमटीपी दोन्ही करून पाहावे. तरी दिसला नाही, तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये तो अक्षराविना पडला आहे का ते पाहावे. तसा असेल तर मोकळे अक्षर द्यावे, लगेच उघडतो. लिनक्सचा संगणक मिळाला तर उत्तम. त्याला यातल्या बहुतेक भाषा येतात. आणि उघडताच गाण्यांकडे न जाता ‘व्हॉइस’ किंवा ‘रेकॉर्ड’ नावाचे फोल्डर आधी उतरवून घ्यावे.