बुधवारात शिकवतो ते बॉम्बे हाय

पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या मागच्या गल्लीत, इलेक्ट्रिकच्या दुकानावरच्या खोलीत मी संध्याकाळी वर्ग घेतो. येणारी मुलं फिटर, वेल्डर, रिगर. बीडकडची, सोलापूरकडची, काही कोकणातली. कोणाला आखातात जायचंय, कोणाला मुंबईच्या समुद्रात. त्यांना तेल-गॅसच्या कामातल्या सुरक्षेचं प्रमाणपत्र हवं असतं आणि परीक्षा पास व्हायची घाई असते. पुस्तक नंतर उघडू, म्हणतो मी, आधी एका स्वयंपाक्याच्या बोटांचं ऐका.

२७ जुलै २००५. आदल्या दिवशी मुंबई पावसाने बुडाली होती. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, बॉम्बे हाय या तेलक्षेत्रातल्या नॉर्थ प्लॅटफॉर्मजवळ ‘समुद्र सुरक्षा’ हे पाणबुड्यांना घेऊन काम करणारं जहाज होतं. जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या दोन बोटांची टोकं तुटली. पावसाळी हवेत हेलिकॉप्टर येईना, म्हणून त्याला क्रेनने प्लॅटफॉर्मवर चढवायचं ठरलं. जहाजाला जागेवर धरणाऱ्या थ्रस्टरमध्ये बिघाड होता, तरी ते हाताने चालवत, मागच्या अंगाने, वाऱ्याच्या बाजूने प्लॅटफॉर्मशी आणलं. स्वयंपाकी सुखरूप वर पोचला. जहाज दूर होत असताना लाटांनी ते परत ढकललं आणि त्याचं हेलिडेक रायझरवर आदळलं. रायझर म्हणजे समुद्रतळाकडची पाइपलाइन प्लॅटफॉर्मला जोडणारा उभा नळ. त्यातून गॅस फुटला, पेटला, आणि दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म गेला.

प्लॅटफॉर्म, शेजारची रिग आणि जहाज मिळून ३८४ माणसं होती. ३६२ वाचली, २२ गेली. आठ लाइफबोटींपैकी दोनच खाली सोडता आल्या, दहा तराफ्यांपैकी एकच. जहाजावर सहा पाणबुडे दाबाच्या बंद कोठीत होते. खोल पाण्यात काम करणाऱ्या माणसाला दाब हळूहळू उतरवल्याशिवाय बाहेर येता येत नाही, म्हणून जळत्या जहाजावर त्यांना तिथेच राहावं लागलं. सुमारे ३६ तासांनी त्यांची सुटका झाली. या सहाजणांचा भाग आला की खोलीत कोणी पेनसुद्धा हलवत नाही.

मग मी फळ्यावर सगळ्या पायऱ्या लिहितो: बोटं, हवा, थ्रस्टर, वाऱ्याची बाजू, क्रेन, रायझर. आणि विचारतो, यातल्या कुठल्या पायरीवर कोणी ‘थांबा’ म्हणायला हवं होतं? जखमी माणसाला उपचार मिळावेत, हा हेतू चांगलाच होता. म्हणूनच हा प्रसंग शिकवायला हवा. वाईट हेतू कोणालाही ओळखता येतो. चांगल्या कामाची घाई असते तेव्हा धोका मोजायचं भान राहत नाही, आणि तेच भान आणणं हे या प्रशिक्षणाचं खरं काम आहे.

आपल्याकडे हे प्रशिक्षण कसं उभं राहिलं, त्याचाही इतिहास आहे. जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ने फेब्रुवारी १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल शोधलं, मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. देशाला तेलाची निकड होती आणि काम झपाट्याने वाढलं. १९८२ मध्ये ‘सागर विकास’ रिगवर विहीर फुटून आग लागली. पण कायदा आणि संस्था हलल्या त्या समुद्रातल्या आगीने नव्हे, भोपाळच्या वायुगळतीने. डिसेंबर १९८४ नंतर दोन वर्षांत तेल उद्योगासाठी सुरक्षा संचालनालय निघालं. १९८७ मध्ये फॅक्टरी ॲक्टमध्ये कलम ४१ एच आलं: धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात जीवाला नजीकचा धोका दिसला तर तो व्यवस्थापनाच्या कानावर घालायचा हक्क कामगाराला मिळाला, आणि तातडीने उपाय करणं व्यवस्थापनावर बंधनकारक झालं. १९८९ मध्ये सरकारी तेल कंपनी ओएनजीसीने दक्षिण गोव्यात बेतूलला सुरक्षा, आरोग्य आणि पर्यावरणाची स्वतंत्र संस्था उभारली.

त्याच सुमारास स्कॉटलंडजवळच्या समुद्रात पायपर अल्फा हा प्लॅटफॉर्म जळून गेला होता. ६ जुलै १९८८, १६७ मृत्यू. दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता. त्याच्या कामाच्या लेखी परवानगीचा, म्हणजे परमिटचा, कागद रात्रपाळीच्या हाती लागला नाही, आणि रात्रपाळीने तोच पंप सुरू केला. लॉर्ड कलन यांच्या चौकशीतून १९९० मध्ये १०६ शिफारशी आल्या. आज सौदीत असो की उरणला, वेल्डिंगची ठिणगी पाडण्याआधी जे हॉट वर्क परमिट भरतात, पाळी बदलताना समोरासमोर उभं राहून जे सांगतात, त्यातल्या कडकपणाला त्या रात्रीचं कारण आहे. माझी मुलं परमिटला ‘कागदपत्र’ म्हणतात. मी दर वेळी टोकतो.

सुटकेचं शिक्षण आपल्याकडे तुलनेने लवकर रुजलं. लाइफ जॅकेट, तराफा उलटला तर सरळ कसा करायचा, तरणतलावात बुडवलेल्या हेलिकॉप्टरच्या केबिनमधून श्वास रोखून बाहेर कसं पडायचं. त्याची गरज कोणाला पटवावी लागत नाही. ऑगस्ट २००३ मध्ये समुद्रात कोसळलेल्या हेलिकॉप्टरमधल्या २९ पैकी २७ माणसं गेली. पण निसटायचं शिकवणं सोपं आहे. काम सुरू होण्याआधी धोका मोजणं आणि पटत नसेल तर अडवणं हे शिकवणं कठीण आहे. तो भाग उशिरा आला, आणि कंत्राटी कामगारापर्यंत सगळ्यात शेवटी पोचला. काही ठिकाणी अजून पोचलेला नाही, हे मी माझ्यासमोर बसलेल्या मुलांवरून सांगतो. पाच-सहा वर्षं साइटवर काढलेल्या मुलाला धोक्याचं मूल्यमापन म्हणजे सकाळी सही करायचा एक फॉर्म वाटतो.

या गोष्टी पेठेत पटवायला समुद्र लागत नाही. १३ मे १८७९ च्या रात्री याच पेठेतला पेशव्यांचा बुधवार वाडा जळाला. त्याच रात्री विश्रामबाग वाड्यालाही आग लागली. त्या आगी लावलेल्या होत्या, हे खरं. पण लाकडी तुळया, दाटीची वस्ती आणि अरुंद बोळ हे इंधन आधीपासून तयार होतं. मी मुलांना खाली गल्लीत नेतो: वायरींचे गुंते, जिन्यात रचलेले खोके, एकच दार. इथे आग लागली तर तिला काय काय मिळेल, ते लिहून आणा. ती भराभर लिहितात. बघण्याची सवय इथेच लागते, रिगवर जाऊन लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी पी-३०५ वर घेतो. १७ मे २०२१, तौक्ते वादळ. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीच आलेले. मुंबईच्या समुद्रात कामगारांना राहायला ठेवलेला हा बार्ज, त्यावर २६१ माणसं, बहुतेक कंत्राटी. नांगर तुटले, बार्ज वाहत जाऊन प्लॅटफॉर्मवर आदळला आणि संध्याकाळी बुडाला. आयएनएस कोचीसारख्या नौदलाच्या जहाजांनी खवळलेल्या समुद्रातून १८६ जणांना काढलं. सत्तरवर माणसं गेली. बरेच तराफे भोकं पडलेले होते, असं वाचलेल्या एका इंजिनिअरने वर्तमानपत्रांना सांगितलं. त्या बार्जवर माझ्या वर्गात बसतात तशीच मुलं होती: फिटर, वेल्डर, रिगर. वादळ येतंय हे त्यांनाही मोबाइलवर दिसत होतं. बार्ज किनाऱ्याला न्यायचा निर्णय त्यांच्या हातात नव्हता, आणि तो मागायचा कसा हे त्यांना कोणी शिकवलं होतं का, हा प्रश्न मला सोडत नाही.

म्हणून वर्गात आता सराव असतो. मी सुपरवायझर होतो, घाई करतो, दरडावतो. मुलाने उभं राहून परमिट परत करायचं: गॅस टेस्टची वेळ उलटून गेली आहे, पुन्हा टेस्ट झाल्याशिवाय मी ग्राइंडर लावणार नाही. पहिल्यांदा सगळ्यांचा आवाज बसतो. परवा जतच्या एका मुलाने विचारलं, “सर, आणि त्यांनी मला घरी पाठवलं तर?” मी त्याला खोटा धीर दिला नाही. पाठवू शकतात, म्हणालो. पण एकटा बोलू नकोस, जोडीदाराला बरोबर घे. सकाळी काम सुरू होण्याआधीच्या सुरक्षा-चर्चेत, टूलबॉक्स टॉकमध्ये, सगळ्यांसमोर विचार. परमिटवर वेळ घालून, तुला काय दिसलं ते लिही, आणि त्याचा फोटो ठेव. त्याने ते वहीत उतरवून घेतलं आणि पुन्हा उभा राहिला. दुसऱ्यांदा त्याचा आवाज खालच्या दुकानापर्यंत गेला.