लाईट गेली तरी सर्व्हरवरचं काम थांबणार नाही: टीमक्स काय आहे आणि ते आपल्या सवयीचं कसं करायचं?

भिवंडी म्हटलं की यंत्रमाग आठवतात. लाईट गेली की माग थांबतो, पण कापड मागावर तसंच असतं. लाईट आली की विणकाम जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू होतं.

याच शहरात घरी बसून दूरच्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांचं मात्र तसं नसतं. लॅपटॉपला बॅटरी असते, वायफायच्या राउटरला बहुतेक घरांत बॅकअप नसतो. लाईट गेली, राउटर बंद पडला, कनेक्शन तुटलं. दोन तास चाललेली डेटाबेसची कॉपी अर्धवट राहते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. खरं तर सर्व्हर ऐरोली-महापेच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये मजेत चालू असतो. मग काम का मरतं? आणि ते वाचवायचं कसं?

कनेक्शन तुटलं की काम का थांबतं?

एसएसएचने सर्व्हरला जोडलं की तिथे तुमच्यासाठी एक शेल सुरू होतं. तुम्ही दिलेल्या कमांड त्या शेलच्या हाताखाली चालतात. कनेक्शन तुटल्याचं सर्व्हरच्या लक्षात आलं की तो या सगळ्यांना ‘हँगअप’ नावाचा सिग्नल पाठवतो आणि बहुतेक प्रोग्रॅम तिथेच बंद होतात. टेलिफोन लाईनवरून कॉम्प्युटर जोडले जायचे त्या काळातलं हे नाव आहे. समोरच्याने फोन ठेवला, म्हणजे काम संपलं असा त्याचा अर्थ.

मग टीमक्स काय करतं?

टीमक्स हा टर्मिनल मल्टिप्लेक्सर आहे. मल्टिप्लेक्समध्ये एका दारातून आत गेलं की अनेक पडदे असतात, तसंच इथे एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनल चालतात. पण त्याचा खरा फायदा वेगळाच आहे. टीमक्स सर्व्हरवर स्वतंत्रपणे चालत राहतं आणि तुमच्या कमांड त्याच्या हाताखाली असतात. तुमचं कनेक्शन तुटलं तर फक्त बघणारा निघून जातो, काम चालूच राहतं.

अशी सोय आधीही होती. जीएनयू स्क्रीन हा प्रोग्रॅम १९८७ पासून आहे. टीमक्स निकोलस मॅरियट यांनी लिहिलं आणि २००७ मध्ये ते पहिल्यांदा आलं. २००९ मध्ये ते ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमचा भाग झालं. ते मोफत आहे आणि लिनक्स, मॅक, विंडोजमधलं डब्ल्यूएसएल, इतकंच काय तर अँड्रॉइड फोनवरच्या टर्मक्समध्येही चालतं.

सुरुवात कशी करायची?

इथे कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच वापरायचे.

आधी सर्व्हरला जोडा आणि तिथे ‘टीमक्स न्यू -एस बॅकअप’ द्या. ‘बॅकअप’ हे सेशनचं नाव, ते तुमच्या आवडीचं ठेवा. काम सुरू करा. बाहेर पडायचं असेल तर कंट्रोल आणि बी एकत्र दाबून सोडा, मग डी दाबा. परत यायचं असेल तेव्हा ‘टीमक्स अटॅच -टी बॅकअप’. सेशनचं नाव विसरलात तर ‘टीमक्स एलएस’ यादी दाखवेल.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. टीमक्स सर्व्हरवर सुरू करायचं, आपल्या लॅपटॉपवर नाही. लॅपटॉपवरचं टीमक्स तुटलेलं कनेक्शन वाचवू शकत नाही. आणि ते कामाच्या आधी सुरू करायचं. आधीच चालू असलेली कमांड नंतर टीमक्समध्ये नेणं सोपं नाही.

कोणत्या सेटिंग बदलायच्या?

होम फोल्डरमध्ये ‘.टीमक्स.कॉन्फ’ नावाची फाइल बनवा. नावाच्या आधीचा टिंब महत्त्वाचा. इंटरनेटवर दोनशे ओळींच्या तयार फाइल मिळतात, पण त्या जशाच्या तशा उचलल्या तर कुठली ओळ काय करते हे कळत नाही. रोजच्या कामाला एवढ्या पुरतात:

१. सेट -जी माऊस ऑन: माऊसने स्क्रोल करता येतं, पेनवर क्लिक करता येतं. यानंतर नेहमीसारखं सिलेक्ट करून कॉपी करायचं असेल तर बहुतेक टर्मिनलमध्ये शिफ्ट धरून ठेवावं लागतं.

२. सेट -जी हिस्टरी-लिमिट ५००००: मुळात मागच्या २००० ओळीच जपल्या जातात. लांबलचक लॉगमधली एरर वर निघून जाते, म्हणून हा आकडा वाढवायचा. तो नव्या पेनलाच लागू होतो.

३. सेट -जी बेस-इंडेक्स १: विंडोंची मोजणी शून्याऐवजी एकपासून होते. कीबोर्डवर शून्य एकदम उजवीकडे असतं, त्यामुळे हाताला हे बरं पडतं.

४. बाइंड | स्प्लिट-विंडो -एच आणि बाइंड - स्प्लिट-विंडो -व्ही: मुळात स्क्रीन विभागायला टक्केवारीचं आणि दुहेरी अवतरणाचं चिन्ह वापरावं लागतं, ते लक्षात राहत नाही. उभी रेघ दाबली की उभी फाळणी, आडवी रेघ दाबली की आडवी.

५. सेट -जी स्टेटस-स्टाइल बीजी=रेड: ही ओळ फक्त खऱ्या, ग्राहकांच्या सर्व्हरवर घाला. खालची पट्टी मुळात हिरवी असते. ती लाल दिसली की डिलीटची कमांड देताना हात आपोआप थांबतो. टेस्ट सर्व्हर समजून खरा डेटा उडवण्यापासून ही एक ओळ वाचवू शकते.

काहीजण कंट्रोल-बीऐवजी कंट्रोल-ए ठेवतात, स्क्रीनमध्ये तीच सवय असते. पण शेलमध्ये कंट्रोल-ए ओळीच्या सुरुवातीला नेतं, ते वापरत असाल तर बदलण्याआधी विचार करा.

बदल केला, पण दिसत नाही?

टीमक्स ही फाइल फक्त सुरू होताना वाचतं. म्हणून कंट्रोल-बी, मग कोलन दाबून ‘सोर्स-फाइल ~/.टीमक्स.कॉन्फ’ द्या. घाईत ‘किल-सर्व्हर’ देऊ नका, त्याने चालू असलेली सगळी सेशन बंद होतात.

मराठी अक्षरांच्या जागी आडव्या रेघा दिसतात?

टीमक्सला तुमचं टर्मिनल यूटीएफ-८ आहे हे कळलेलं नसतं. ‘टीमक्स -यू अटॅच’ देऊन पाहा. कायमचा उपाय म्हणजे सर्व्हरचं लोकेल यूटीएफ-८ करणं. जोडाक्षरांमुळे ओळी थोड्या सरकलेल्या दिसू शकतात, फाइलमधला मजकूर मात्र तसाच असतो.

टीमक्स काय वाचवू शकत नाही?

तुमची लाईट गेली तर टीमक्स काम वाचवतं. सर्व्हरच रीस्टार्ट झाला तर सेशनही जातात. टीमक्स-रिसरेक्ट हे प्लगइन विंडोंची मांडणी आणि फोल्डर परत आणतं, अर्धवट राहिलेली कॉपी नाही. त्यामुळे मोठी कामं टप्प्याटप्प्यात करणं आणि बॅकअप ठेवणं याला पर्याय नाही.

आज पहिल्या दोनच ओळी घाला आणि आठवडाभर वापरा. एखादी गोष्ट रोज अडते असं वाटलं की मगच पुढची ओळ वाढवा. आणि कुठलीही की विसरलात तर कंट्रोल-बी, मग प्रश्नचिन्ह दाबा, पूर्ण यादी समोर येईल.