कार्टूनच तर आहे, मग लेकराले दाखवू काय?

शाळेला सुट्ट्या लागल्या की एक फोन ठरलेला असतो. "भाऊ, तो सुपरहिरोवाला कार्टून पिक्चर लागला, पोराले नेऊ काय?" पत्रकाराने सगळे पिक्चर पाहिलेले असतात असा लोकांचा समज. मी उलट विचारतो, पोरगं किती वर्षांचं? आणि सर्टिफिकेट काय आहे? दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण गप्प होतात. म्हणून आज थोडा इतिहास.

उडणारा हिरो आपल्याला नवा नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली 'लंकादहन'मध्ये मारुतीला पडद्यावर उडवलं. त्याआधी काड्यापेटीतल्या काड्या हलवून त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली होती, म्हणजे ॲनिमेशनची सुरुवातही त्यांचीच. तेव्हा प्रेक्षकाचं वय कोणी विचारत नव्हतं. १९१८ मध्ये कायदा आला, १९२० पासून तपासणी मंडळं बसली. पण इंग्रज सरकारला लेकरांपेक्षा स्वतःची काळजी जास्त. 'भक्त विदुर'वर काही ठिकाणी बंदी आली, कारण त्यातला विदुर गांधीजींसारखा दिसत होता.

स्वातंत्र्यानंतर दोनच शिक्के होते, 'यू' आणि 'ए'. सगळ्यांसाठी, नाहीतर फक्त मोठ्यांसाठी. मधलं काही नाही. १९८३ साली 'यूए' आलं, म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलांबाबत आईवडिलांनी ठरवायचं. मंडळाच्या नावातला 'सेन्सॉर' शब्दही तेव्हाच गेला. आपल्या तोंडातून अजून गेला नाही.

आपल्या वऱ्हाडात पोरांचा सुपरहिरो मारुतीच. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी व्यायाम मंडळ काढलं ते हनुमानाच्याच नावाने. हे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकला आपले खेळ दाखवून आलं. हिरोसारखं व्हायचं तर मल्लखांबावर चढा, पण खाली उस्ताद उभा. हा उस्ताद लक्षात ठेवा.

सप्टेंबर १९९७ मध्ये दूरदर्शनवर 'शक्तिमान' आला. तेव्हा मी कॉलेजात होतो. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून पोरांनी उड्या मारल्या, अंगाला काडी लावली, अशा बातम्या देशभर छापून आल्या. मुकेश खन्नांनी त्या नाकारल्या. पण असं काही करू नका, हे त्यांना पडद्यावर येऊन पोरांना सांगावं लागलं. इथे खाली उस्ताद नव्हता ना.

त्याच वर्षी १६ डिसेंबरला जपानमध्ये 'पोकेमॉन'चा एक भाग पाहताना सहाशेवर लोकांना, बहुतेक लेकरांनाच, दवाखान्यात न्यावं लागलं. मारामारीने नाही, लाल-निळ्या उजेडाच्या झपाट्याने. २०१८ मध्ये 'इन्क्रेडिबल्स २'च्या वेळीही अमेरिकेत थिएटरांना अशाच उजेडाबद्दल सूचना लावायला सांगितलं होतं. घरात मिरगीचा त्रास असलेलं लेकरू असेल तर हे आधी डॉक्टरला विचारा, गोष्ट चांगली की वाईट ते मागून.

आता २०२३ चा 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' घ्या. मराठीतही डब झाला, त्यामुळे घरोघरी चर्चा. चित्रं अफलातून. पण १४० मिनिटं लांब, अमेरिकेत 'पीजी', म्हणजे पालकांनी बघून ठरवायचा. गोष्ट काय, तर बाप मरणार हे पोराला आधीच कळतं आणि सगळे सांगतात, मरू दे. वरून पिक्चर अर्ध्यातच संपतो. दहा-अकराच्या पोराला खुशाल न्या, त्याला आवडेल. पाच वर्षांच्याला माझ्या मते नको. रात्री "बाबा, तुम्ही मरसान काय?" याचं उत्तर तयार असेल तर तुमची मर्जी.

त्याच २०२३ मध्ये कायदा बदलला. 'यूए'चे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. पण त्याच कायद्यात हेही लिहिलंय की हा आकडा आईवडील किंवा पालकांशिवाय कोणीच लागू करू शकत नाही. 'ए' असेल तर गेटवरचा माणूस पोराला अडवेल. 'यूए १६+' ला सहा वर्षांचं पोरगं घेऊन गेलात तरी तो तिकीट फाडून आत सोडणार, अमरावतीत असो की अकोल्यात. त्याची चूक नाही, त्याला तो अधिकारच नाही.

पडद्यावर सर्टिफिकेट येतं तेव्हा आपण पॉपकॉर्न सांभाळत मोबाइलच्या टॉर्चने खुर्ची शोधत असतो. त्यापेक्षा बुकिंग करतानाच पिक्चरच्या नावाखाली पाहून घ्या. ओटीटीवर २०२१ च्या नियमांनी १३+ आणि त्यापुढच्यासाठी लॉकची सोय द्यायला लावली आहे. त्याचा पासवर्ड बहुतेक घरात पोरालाच पाठ असतो, ते वेगळं.