ग्रॅव्हल बाइक म्हणजे काय? फुलसावंगी-माहूरच्या डोंगरात ती कधी न्यावी?

ग्रॅव्हल बाइकचं हँडल रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर जाड, साधारण ३५ ते ५० मिमी. ती मुरूम-खडीच्या वाटांसाठीच असते. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीहून पैनगंगा ओलांडली की नांदेडमधलं माहूर: रेणुकामातेचं शक्तिपीठ, रामगड किल्ला, दत्तशिखर, पांडवलेणी.

खरी अडचण चढाची नाही, काळ्या मातीची. पावसाळ्यात चिखल चाक आणि फ्रेमच्या मधे असा थापला जातो, की सायकलच खांद्यावर घ्यावी लागते! म्हणून दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ बरा. नवरात्रात माहूरच्या घाटात भाविकांची गर्दी असते, तेव्हा नकोच. पैनगंगा अभयारण्यातल्या वाटा नकाशावर मोहात पाडतात. पण तिथे बिबटे, अस्वलं आहेत. वनविभागाची परवानगी आधी घ्या.