बंब, विसण आणि गच्ची

जुन्या न्हाणीघरातल्या वस्तूंची नावं ओळीनं घेतली तर एक गंमत लक्षात येते. बादली पोर्तुगीज ‘बाल्दे’ची, पिंप ‘पिपा’चं, राख भरायचं घमेलं ‘गामेला’चं. साबण थेट अरबीतून आला की पोर्तुगिजांच्या गलबतातून, यावर वाद घालता येईल. आणि या सगळ्यांच्या मधोमध तांब्याचा बंब, ज्याचं मूळ पोर्तुगीज ‘बोंबा’ म्हणजे पंप या शब्दात आहे असं मानतात. वसई रोड स्टेशनजवळचं माणिकपूर ज्या वसई प्रांतात येतं, तो १५३४ च्या तहानं पोर्तुगिजांकडे गेला आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेईपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. म्हणून हा शब्द वसईतूनच मराठीत शिरला असं म्हणता येत नाही, कारण गोवा, चौल, दमण ही दारंही उघडीच होती. पण पंपाचं नाव पाणी तापवायच्या भांड्याला का मिळालं, हे विचारण्यासारखं आहे. मराठीत आग विझवणारा तो बंब आणि पोटात आग घेऊन बसणारा तोही बंब. गुजरातीतला ‘बंबो’ ही दोन्ही कामं करतो, आणि हिंदीत ‘बंबा’ म्हणजे नळ किंवा छोटा कालवा. या सर्वांना जोडणारा धागा एकच, असं साधन ज्यातून पाणी बाहेर पडतं. म्हणजे नाव ठेवणाऱ्यांनी विस्तवाकडे पाहिलंच नसावं, तोटीकडे पाहिलं असावं. गोव्यात न्हाणीचं पाणी ज्या तांब्याच्या मोठ्या भांड्यात तापतं त्याला ‘भाण’ म्हणतात. ते चुलीवर बसतं, विस्तव त्याच्या बाहेर असतो, आणि त्याचं नाव घरचंच राहिलं. बंबाची रचना वेगळी, म्हणून त्याला पाहुणं नाव लागलं, असा तर्क करायला जागा आहे.

वेगळेपण होतं ते मधल्या नळकांड्यात. बंबाच्या पोटातून खालून वर एक धुरांडं जातं, त्याच्या तळाशी जाळी, जाळीखाली राखेचा कप्पा, आणि नळकांड्याभोवती पाणी. चुलीवरच्या हंड्याला फक्त तळातून ऊब मिळते, बाकीची कडेनं निसटते. बंबात ज्वाळा आणि धूर पाण्याच्या आतून जातात. रशियाचा आणि काश्मीरचा समोवार याच तत्त्वावर चालतो, आगगाडीच्या बॉयलरमध्ये अशा अनेक नळ्या शेजारीशेजारी असतात. काही बंबांना एका बाजूला नरसाळं असे. तिथून गार पाणी ओतलं की ते तळाशी जाई आणि तेवढंच कढत पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडे. भिंतीवर टांगलेला आजचा गिझर नेमकं हेच करतो, गार खालून आत, गरम वरून बाहेर. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून ठोकून घडवलेल्या भांड्याला यंत्र म्हणायची आपल्याला सवय नाही, एवढंच.

या यंत्रानं भाषेत दोन शब्द पेरले किंवा टिकवले, आणि दोन्ही पुढच्या युक्तिवादाला लागणार आहेत. पहिला ‘बंबफोड’. बंबाच्या अरुंद नळीत मावावीत अशी फोडलेली लाकडं वखारीत याच नावानं मिळत. दुसरा ‘विसण’, म्हणजे कढत पाण्यात घालायचं गार पाणी. लाकडाला थर्मोस्टॅट नसतो. म्हणून पाणी लागतं त्यापेक्षा जास्त तापवायचं आणि मग विसण घालून अंगाला सोसेल असं करायचं, ही रीत. उष्णतेची काटकसर शिकवणाऱ्या कुठल्याही पुस्तकात पहिली चूक म्हणून हीच नोंदवतील. तरीही बंबाचं घर उधळं नव्हतं, आणि त्याचं कारण बंबात नव्हतं, आवारात होतं. वसई पट्ट्यात घर म्हणजे वाडी, नारळ, केळी, फुलझाडं, विहीर. पडलेल्या झावळ्या, नारळाची सोडणं, करवंट्या, छाटलेल्या फांद्या हे सगळं कुठेतरी जायलाच हवं होतं. ते बंबात जाई. जळण विकत आणायचं नसलं की यंत्र किती खातं याची चिंता कमी होते. अमुक भांडं काटकसरीचं आणि तमुक उधळं, असं आपण म्हणतो. पण गरम पाण्याची काटकसर भांड्यापेक्षा आवारावर ठरते. भांड्याला रोज काय मिळतं, आणि ते कुणाच्या मालकीचं असतं, हे आधी पाहावं लागतं.

यावर लगेच उत्तर येईल की हे धुरावर अत्तर शिंपडणं झालं. आक्षेप बरोबर आहे. बंब पेटवायला घरातली बाईच सगळ्यात आधी उठे, धूर तिच्याच डोळ्यांत जाई, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातल्या प्रत्येकाला अभ्यंगाचं पाणी देता देता तिचं स्वतःचं न्हाणं उजाडल्यावर होई. शिवाय वाडी नसलेल्या घरांना बंबफोड विकतच घ्यावी लागे आणि ती कुठल्यातरी डोंगरावरून येई. बंब गेला याचं दुःख करण्याचं कारण नाही. मुद्दा एवढाच की तो गेला तेव्हा त्याच्यासोबत काय गेलं, याचा हिशेब झाला नाही. १९९० मध्ये वसई-विरार उपप्रदेशासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. त्याच्या आगेमागे हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं नाव महाराष्ट्रभर झालं, ते पाणी आणि हिरवाई वाचवण्यासाठी. वाड्या तरी आक्रसल्याच. नवघर-माणिकपूरची नगरपरिषद २००९ मध्ये वसई-विरार महापालिकेत मिसळली, आणि २०११ च्या जनगणनेत या महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला उभ्या राहिलेल्या इमारतींत झावळ्या पडत नाहीत आणि धुरांड्याला वाट नाही. तिथे विजेचा गिझर आला, तो बंबाला जागाच उरली नव्हती म्हणून.

गिझरचं नावही पाहुणंच, पण त्याची जन्मवेळ ठाऊक आहे. आइसलँडमध्ये जमिनीतून उसळणाऱ्या कढत झऱ्याचं नाव ‘गेसिर’. लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन या रंगाऱ्यानं १८६८ मध्ये गॅसवर पाणी तापवणाऱ्या आपल्या यंत्राला ते दिलं. पुढे १८८९ मध्ये नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या एडविन रूडनं पाणी साठवून आपोआप तापवणारी टाकी बनवली. झऱ्याचं नाव मोठं बोलकं आहे, कारण झऱ्याखालची आग दिसत नाही. गिझरवाल्याला कुणी म्हटलं की तुझं यंत्र वीज खातं, तर तो सांगेल की गुंडाळीत गेलेली जवळजवळ सगळी वीज पाण्यातच उतरते. ते खरंच आहे. गिझरवरच्या ताऱ्यांच्या लेबलात म्हणूनच तापवण्याची तुलना नसते, भरलेली टाकी दिवसभरात किती ऊब गमावते हे मोजलेलं असतं. पण आग आता न्हाणीघरात नसून दूर औष्णिक केंद्रात आहे. महाराष्ट्राची बरीचशी वीज अजून कोळशातून येते. अशा केंद्रात कोळशातल्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा विजेत उतरतो, तारांमधली गळती वेगळी. बंबाच्या धुरांड्यातून दोनतृतीयांश ऊब वाया जाते असं धरलं तरी दोघांची जुगलबंदी बरोबरीत सुटते. फरक इतकाच, बंबाची वाया गेलेली ऊब न्हाणीत दिसायची, गिझरची कोळशाच्या राखेसोबत दुसऱ्याच्या गावात पडते. माणिकपूरच्याच पालघर जिल्ह्यात डहाणूला असं एक केंद्र आहे, ते मात्र मुंबईच्या उपनगरांसाठी उभारलेलं.

आकडा छोटा करून पाहू. २० लिटरची बादली १८ अंशांनी तापवायला साधारण ०.४२ युनिट लागतं. चौघांच्या घराला रोज १.७, महिन्याला सुमारे ५० युनिटं, टाकीची गळती सोडून. महावितरणच्या बिलात पहिला टप्पा १०० युनिटांचा असतो. त्यातला अर्धा न्हाणीतच संपतो आणि पंखा, फ्रीज, टीव्ही पुढच्या महाग टप्प्यात ढकलले जातात. कोकणात थंडी नावापुरती, मग एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. पण जिथे थंडी नसताही पाणी तापतं, तिथे ती सवय हवामानाची नसते. दिवाळीपासून तेलाच्या मालिशीपर्यंत गरम पाणी ही इथली रीत आहे, आणि रीत बदलण्यापेक्षा विस्तव बदलणं सोपं.

सूर्याला कामाला लावायची कल्पना या भागाला परकी नाही. विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज अधिकाऱ्यानं मुंबईत कुलाब्याच्या आपल्या बंगल्याच्या आवारात सपाट आरशांची रांग लावून बॉयलर तापवला, त्यावर वाफेचा पंप चालवून दाखवला, आणि १८७८ मध्ये उष्ण देशांत जळणाऐवजी सूर्याची उष्णता वापरावी असं सांगणारं पुस्तक मुंबईतच छापलं. न्हाणीच्या पाण्याला ते मोठंच होतं. घरगुती वळण आलं १८९१ मध्ये, बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पनं काळी टाकी काचेच्या पेटीत ठेवून ‘क्लायमॅक्स’ नावानं पेटंट घेतलं तेव्हा. दिवसा पाणी तापे, रात्री त्याच काचेतून ऊब उडून जाई आणि सकाळी न्हायला कोमट उरे. १९०९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात विल्यम बेलीनं ऊब पकडणारा पत्रा आणि ती धरून ठेवणारी टाकी वेगळी केली. टाकी वर, पत्रा खाली, मध्ये नळ्या. गरम पाणी हलकं म्हणून आपोआप वर चढतं, पंप लागत नाही. त्याच्या कंपनीचं नाव ‘डे अँड नाइट’ होतं, आणि त्या नावातच शोध आहे. आज माणिकपूरच्या एखाद्या गच्चीवर जो ‘सोलर’ दिसतो, तो बहुतेक त्याचाच वंशज.

बंबाचा खरा वारस गिझर नव्हे, हा सोलर, असं म्हणायचं कारण आता स्पष्ट होईल. बंब आवारात पडलेली सोडणं जाळी. सोलर गच्चीवर पडलेलं ऊन पकडतो. दोघांचं जळण घरच्या हद्दीत पडतं आणि त्याचं बिल येत नाही. पण वाडी एका कुटुंबाची असे, गच्ची सोसायटीची आहे. म्हणून इथली खरी अडचण सूर्याची नसून सभेची आहे. अंकगणित पाहा. १०० लिटरला साधारण दोन चौरस मीटर पत्रा लागतो. सात मजले, मजल्यावर चार घरं, म्हणजे २८ घरांना ५६ चौरस मीटर, आणि एकाची सावली दुसऱ्यावर पडू नये म्हणून दुप्पट जागा धरली तर ११२. चार घरांच्या वरची गच्ची दोनशे चौरस मीटरच्या आसपास असतेच, लिफ्टची खोली आणि टाकी वगळूनही भागतं. वीस मजल्यांच्या टॉवरला हे गणित नाकारतं. म्हणजे सोलर सगळ्यांसाठी नाही, पण स्टेशनजवळच्या चार-सात मजल्यांच्या इमारतींसाठी आहे.

पावसाळ्याचा आक्षेप खरा आहे, पण अर्धा. जून ते सप्टेंबर ढगांत गुंडाळी जोडावीच लागेल. उरलेले आठ महिने ती बंद राहिली तरी ५० युनिटांचा बराच भाग वाचतो. त्याहून तगडा आक्षेप हा की आता गच्चीवर वीज बनवणारे पॅनेल लावावेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत त्यांना अनुदानही आहे. पाण्याचा पत्रा उन्हातला निम्म्याच्या आसपास भाग उष्णतेत धरतो, विजेचं पॅनेल पाचव्या हिश्शाच्या आसपास विजेत बदलतं. त्या विजेनं साधा गिझर चालवला तर पत्रा जिंकतो. पण हीट पंप चालवला, जो फ्रीज उलटा करून बाहेरच्या हवेतली ऊब पाण्यात ढकलतो आणि एका युनिट विजेत सुमारे तीन युनिटांची ऊब देतो, तर सामना बरोबरीत येतो. वसईची दमट उबदार हवा त्याला मानवते. नवी इमारत असेल तर दुसरा रस्ता विचारात घ्यावा. बांधून तीस वर्षं झालेल्या इमारतीत नळ्या आणि पत्रा यांचाच मार्ग आजही स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा वाटतो.

राहता राहिली नळातली गार बादली, जिच्यावरून सोसायट्यांत सोलर बदनाम होतो. गच्चीपासून तळमजल्यापर्यंत ३० मीटरची एक इंची नळी धरली तर तिच्यात सुमारे १५ लिटर पाणी मावतं. रात्रभर ते निवतं, आणि सकाळी पहिला नळ उघडणारा ते मोरीत सोडून देतो. टँकरचं पाणी विकत घेणाऱ्या गावात हे जिवावर येणं साहजिक आहे. त्यावर नळ्यांना वेष्टन घालणं, पाणी फिरतं ठेवणारा छोटा पंप बसवणं असे उपाय आहेत. पण एप्रिलमध्ये टाकीतलं पाणी ६० अंशांवर असतं, अंगाला ४२ पुरतं, आणि त्याला २६ अंशांचं विसण घालायचं तर २० लिटरच्या बादलीत साडेदहा लिटर विसणच लागतं. नळीतलं ते निवलेलं पाणी आधी बादलीत धरलं की तेच विसण.